भावाच्या बांगड्या

आमच्या घरात बांगड्या दोघांना लागत, आईला आणि माझ्या धाकट्या भावाला. आई त्या हातात भरायची आणि भाऊ पायानं वाजवायचा. हे ऐकून लोक हसत. हसोत बापडे. ज्यांच्या घरात सगळे धडधाकट आणि बोलके होते, त्यांच्या घरातूनही शहाणपणाचा शब्द क्वचितच बाहेर पडायचा, असं माझं आजही मत आहे.

भाऊ जन्मला तेव्हा रडला नाही. सुईणीनं त्याला उलटा धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे त्यानं श्वास घेतला. पुढे बसणं नाही, रांगणं नाही, बोलणं तर नाहीच. हात भलतीकडेच जायचे, मान एका बाजूला कलायची, काही म्हणायला गेला की घशातून नुसता घोगरा आवाज निघायचा. सगळ्या अंगात त्याचं ऐकणारा अवयव एकच, डावा पाय. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली, गुडघ्यावर टिचक्या मारल्या आणि वडिलांना सांगितलं की याला समज नाही, जगेल तितका जगू द्या. डॉक्टर भले गृहस्थ होते. पण त्यांनी भावाला काही विचारलंच नाही, मग समज आहे की नाही हे त्यांना कुठून कळणार?

आम्ही बुलढाण्याला राहत होतो. वडील डिप्टी कमिशनरच्या कचेरीत कारकून. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या जोडीला जुंपलेलं होतं, मोठे हुकूम नागपूरहून यायचे आणि वडील त्यांच्या नकला करायचे. "हुकूम त्यायचा, मान माही मोडते," असं म्हणत ते संध्याकाळी काळा कोट खुंटीला अडकवायचे आणि हातपाय धुवायच्या आधी भावाच्या खाटेपाशी जायचे. घरी येणाऱ्या बायका मात्र खाटेपाशी आल्या की "च्च च्च" करायच्या. त्या आवाजाची मला इतकी चीड बसली आहे की आजही कुणी तो काढला, तर चहा न देता वाटेला लावावंसं वाटतं.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. भाऊ रडायचा, पण सगळ्यासाठी एकच रडायचा. भूक लागली तरी तेच, मुंगी चावली तरी तेच. आई आधी पाणी पाजून पाहायची, मग भात भरवून, मग कपडे सोडून. कधी सापडायचं, कधी तो रडून रडून झोपी जायचा आणि आई त्याच्या उशाशी तशीच बसून राहायची.

सणावाराला बांगड्या भरायला एक मुसलमान मन्यारीण आमच्याकडे यायची. आम्ही तिला चाची म्हणत असू. एका श्रावणात ती आली, तेव्हा तिनं खांद्यावरची बांगड्यांची एक माळ भावाच्या पायथ्याच्या खुंटीला अडकवली आणि आईचा हात चेपायला घेतला. भावाचा पाय माळेला लागला. बांगड्या किणकिणल्या. त्यानं पुन्हा पाय मारला, आणि हसला.

"अवो बाई, पाहा न, हासून राह्यला पोरगा!" चाची म्हणाली.

आई पाहतच राहिली. तिनं माळ थोडी उजवीकडे सरकवली. भावाचा पाय उजवीकडे गेला. डावीकडे सरकवली, पाय डावीकडे. मग आईनं चाचीला सांगितलं, मला प्रत्येक रंगाच्या दोन-दोन जाड काचेच्या दे.

"कोनत्या हाताच्या?"

"हाताच्या नाई, पायाच्या," आई म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

आईनं खाटेच्या पायथ्याशी भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि तिला सुटसुटीत अंतरावर बांगड्यांच्या जोड्या लोंबत्या बांधल्या. निळी म्हणजे पाणी. पाणी पाजायच्या आधी ती भावाचा पाय धरून निळ्या जोडीला लावायची, ती वाजली की मगच भांडं तोंडाला. रोज, दर वेळी. शेजारणी म्हणाल्या, पालथ्या घड्यावर पाणी. महिने गेले आणि मलाही वाटायला लागलं की शेजारणींचं खरं आहे. मग एका दुपारी आई आणि मी जात्यावर बसलो होतो आणि आतून किणकिण आली. आई उठून गेली. निळी जोडी हलत होती आणि भाऊ दाराकडे पाहत होता. आईनं पाणी आणलं. त्यानं भांडं शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं केलं. आई तिथंच जमिनीवर बसून रडायला लागली आणि मी घाबरून जातं तसंच ओढत राहिले.

त्या संध्याकाळी वडील दारात आले तोच आई म्हणाली, "आज एक बांगडी वाढली."

आमच्यात बांगडी फुटली असं कधी म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. वडिलांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "कोनती? लागलं काय?"

"तशी नाई हो, खरंच वाढली!"

तेव्हापासून तो आमच्या घरचा विनोद झाला. भावाच्या दोरीवर नवा रंग लागला की आई म्हणायची, वाढली, आणि वडील दचकल्याचं सोंग करायचे. हिरवी म्हणजे आई, कारण तिच्या हातात कायम हिरव्या. काळी म्हणजे बाबा, त्यांच्या कोटामुळे. लाल म्हणजे दे. केशरी म्हणजे बाहेर. पांढरी म्हणजे नको, आणि ही पांढरी त्यानं सगळ्यांत जास्त वाजवली. तूप-भात सोडला तर त्याला काही फारसं पसंत नसायचं. सकाळी वडील कोट चढवून निघाले की आई आधी काळी आणि मग केशरी हलवायची: बाबा बाहेर. तो ऐकून घ्यायचा. संध्याकाळी काळी वाजवून वाजवून त्यांची वाट पाहायचा.

कचेरीत ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. कुणीतरी वडिलांना टोमणा मारलाच की तुमच्या पोरानं आतापासूनच बांगड्या भरल्या म्हणे. वडील म्हणाले, "भरल्या नाईत, तो वाजवते. आपन भरून बसलो, सायबापुढं तोंड उघडत नाई." हे त्यांनी खरंच तोंडावर म्हटलं की घरी येऊन रचलं, मला ठाऊक नाही. आम्ही मात्र ते मोठ्या अभिमानानं सांगत फिरलो.

एकदा आई भावाला शिरा भरवत होती आणि वडील शेजारी बसले होते. भावानं काळी वाजवली आणि मग लाल. बाबा, दे. वडिलांना केवढा आनंद! आईच्या हातून वाटी घेऊन ते स्वतः भरवायला लागले, तर ह्यानं पांढरी हाणली. नको. पुन्हा काळी, लाल. पुन्हा घास, पुन्हा पांढरी. वडील वैतागले आणि तोच घास त्यांनी आपल्या तोंडात टाकला. भाऊ खदखदून हसला.

"अरे, 'बाबाले दे' म्हनून राह्यला तो!" वडील म्हणाले. "याच्या बांगड्यायत 'ले' नाई न बे. विभक्ती नाई पोराले, बाकी व्याकरन फक्कड हाय."

'ले'ची बांगडी आणू या, असं ठरलं. कोणता रंग घ्यायचा यावर दोन-चार दिवस वाद चालला. ती आणायची मात्र राहून गेली.

त्या वर्षी वडिलांना ताप आला आणि तो उतरला नाही. ओसरीवरच्या खोलीत त्यांची खाट होती, मधल्या खोलीत भावाची. रोज सकाळी भाऊ काळी वाजवायचा. वडील तिकडून क्षीण आवाजात "हाव बे, हाव" म्हणायचे. मग एक दिवस ओ आली नाही. घरात माणसं भरली. वडिलांना ओसरीवरूनच नेलं. मधल्या खोलीत पडलेल्या मुलाला हे सांगायला हवं, असं कुणाच्याही मनात आलं नाही. आईला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं, आणि बाकीच्यांच्या लेखी त्याला समजच नव्हती.

मोठी आत्या चिखलीहून आली होती. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिचा पाठचा भाऊ गेला होता, रडून रडून तिचा आवाज बसला होता. आईच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या तिनंच वाढवल्या. काचा जमिनीवर पडल्या, आणि त्याच वेळी मधल्या खोलीतून किणकिण आली. दोन ठोके, थोडं थांबून पुन्हा दोन ठोके. ती काळी होती. आम्हाला आवाजावरून कळायची.

आत्या थबकली. "हे काय वाजून राह्यलं? ज्या घरचा मालक गेला, त्या घरात बांगडी वाजाव काय? त्या बी वाढवा."

आईनं मान वर केली. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "त्याच्या नका काढू, वन्सं. त्याचं बोलनं हाय ते. बाबाले हाका मारून राह्यला तो."

हे ऐकून आत्याचा चेहराच उतरला. "हाका मारते? गेलेल्याले?" ती म्हणाली. "मंग तर पह्यले काढा. असं हाका मारू नये, बाई. त्याचा जीव अडकते इथंच."

डॉक्टरांनी मानलं नव्हतं, शेजारणींनी मानलं नव्हतं, कचेरीनं तर टिंगल केली होती. भाऊ बोलतो हे घराबाहेरच्या एकाच माणसानं ताबडतोब मानलं, ते आत्यानं. आणि मानलं म्हणूनच तिनं विळीनं दोरी कापली. बांगड्या फरशीवर पडल्या. काही तिथंच फुटल्या, राहिलेल्या तिनं वरवंट्यानं फोडल्या. आईच्या आणि भावाच्या बांगड्यांच्या काचा एकाच सुपात भरून बाहेर नेल्या. भाऊ सुपाकडे पाहत होता. त्याच्या घशातून कसलाही आवाज निघाला नाही, आणि ते मला अजून सहन होत नाही.

चूल चालेना म्हणून मामा आम्हाला मलकापूरला घेऊन गेले. घाट उतरून मोटार खाली आली तसा उन्हाचा भपका लागला. मामा एका कापसाच्या जिनात मुनीम होते. सरकी काढलेल्या कापसाचे तंतू अंगणात, पाण्यात, भाकरीवर सुद्धा येऊन बसायचे. मामांनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. भावाला दूध हवं म्हणून त्यांनी दारात गाय बांधली. पण विधवा बहिणीच्या हाताला बांगडी लागणं त्यांना चालणारं नव्हतं, मग ती दोरीवरची का असेना. आईनं एकदा विचारून पाहिलं. "लोकं काय म्हनतीन, ताई?" एवढंच ते म्हणाले. आईनं पुन्हा विचारलं नाही. तिच्या हातांतून बांगड्या गेल्या तेव्हाच तिच्या तोंडातलं 'नको'ही गेलं होतं.

आईनं दोरीला लाकडाचे तुकडे बांधून पाहिले, चिंध्या बांधल्या. भाऊ त्यांना पाय लावेना. त्याचा पाय वर उचलला जायचा आणि हवेत उजव्या अंगाला झटका द्यायचा. तिथं काळी असायची. पाय खाली यायचा, पुन्हा वर जायचा. मामी घाबरली, तिला वाटलं फेफरं आहे. वैद्यांनीही तेच सांगितलं आणि पाय आपटून मोडू नये म्हणून बांधून ठेवायला सांगितला. मामीनं जुन्या धोतराची मऊ पट्टी फाडली, काचू नये म्हणून आत कापूस घातला आणि त्याचा डावा पाय खाटेच्या खुराला बांधला. किती मायेनं बांधला होता! मामी देवळात गेली की मी गाठ सोडायची. लगेच पाय वर, उजव्या अंगाला. बाबा. बाबा. आई ते बघायची आणि भिंतीकडे तोंड करायची. त्याला सांगायचं तरी कशानं? 'गेले' ह्याची बांगडी आमच्यात झालीच नव्हती. त्याला शेवटचं ठाऊक होतं ते एवढंच, की बाबा बाहेर आहेत.

असं वर्षाच्या वर गेलं. पट्टी मऊ असली तरी घोट्याला जखम झालीच. भाऊ आता रडतही नव्हता. रडल्याशिवाय दूध मिळत नाही, पण त्याला वेळच्या वेळी मिळत होतं, मग कुणाला चिंता वाटणार? घरचे म्हणायचे, आता शांत झाला. शांत झाला म्हणे!

बांगड्यांचा माल रेल्वेनं मलकापूरला उतरायचा आणि बुलढाण्याचे मन्यार तो न्यायला यायचे. एक दिवस चाची पत्ता विचारत दारात उभी राहिली. मामीला वाटलं बांगड्या भरायला आली. चाचीनं आईला पाहिलं, तिचे हात पाहिले, आणि तोंडाला पदर लावला. मग ती भावापाशी गेली. बांधलेला पाय पाहून ती म्हणाली, "काऊन बांधलं लेकराले?"

चाचीनं स्वतः गाठ सोडली. घोटा पाहून मामीच रडायला लागली. जिनातून जेवायला आलेले मामा दारात उभे होते. त्यांनी ती जखम याआधी पाहिलेली नव्हती. मग म्हणाले, "लेकराचं खेळनं हाय. मागच्या खोलीत बांधा बांगड्या. ताई, तू हात लावू नोको, पोरगी बांधीन."

मी बांधल्या. चाची एकेक जोडी माझ्या हातात देत होती आणि आई कोपऱ्यातून नुसतं सांगत होती, काळी उजवीकडं, निळी मधात. भावाचे डोळे माझ्या बोटांमागे फिरत होते. दोरी झाली.

त्यानं काळी वाजवली. मग केशरी. आणि आईकडे पाहिलं. बाबा बाहेर?

सव्वा वर्ष त्यानं पोटात धरून ठेवलेला प्रश्न होता तो. आईचे ओठ हलले. मला वाटलं, आता ती सांगेल. पण कशानं सांगणार होती? "हाव," ती म्हणाली. "हाव रे राजा. बाहीर गेले."

मग त्याची नजर चाचीकडे गेली. तिच्या खांद्यावर उरलेल्या माळा होत्या, हिरव्याच जास्त. तिथून त्याची नजर आईच्या मनगटांवर आली. चाची आली की आधी आईच्या हातात बांगड्या भरल्या जातात, हे त्यानं बुलढाण्यात कितीदा पाहिलं होतं. आणि ज्याचं सगळं बोलणं बांगड्यांत होतं, त्याला ते मोकळे हात पाहून काय वाटत असेल? आपल्यासारखीच आईही मुकी झाली, असंच ना?

त्यानं हिरवी वाजवली. मग लाल.

आई, दे.

मी पाण्याचं भांडं उचललं. त्यानं पांढरी वाजवली. मी गुळाचा खडा दाखवला. पांढरी. पुन्हा हिरवी, पुन्हा लाल, आणि डोळे चाचीच्या खांद्यावरून आईच्या हातांवर. तेव्हा मला शिऱ्याची वाटी आठवली, वडिलांचं हसणं आठवलं. आईकडे पाहिलं, तर तिला माझ्या आधीच कळलं होतं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

त्याच्या बांगड्यांत 'ले' नव्हता. आईले दे, म्हणत होता तो.

चाची आमच्या तोंडाकडे पाहत होती. दारातून मामांनी विचारलं, "काय म्हनते तो, ताई?" त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. त्या घरात त्याचं बोलणं कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

"काई नाई," आई म्हणाली. "पानी मांगून राह्यला."

तिनं माझ्या हातून भांडं घेतलं आणि त्याची मान उचलून त्याच्या ओठाला लावलं. तो पायानं पांढरी वाजवत होता. आई पाणी पाजत राहिली.